गडावरची कॉफी : काही टिपणे

गडावरची कॉफी निम्म्याहून जास्त घरीच होते, निघायच्या आदल्या रात्री. बी कोणतं, ते कधी भाजलेलं, किती जाड दळलं, मोजून पुड्या बांधल्या की डबाच्या डबा सॅकमध्ये टाकला, इथेच पुढचं बरंचसं ठरून जातं. वर गेल्यावर आपल्या हाती उरतात पाणी, आच आणि चार मिनिटांचा धीर. डोंगरात जाणारी माणसं बूट, तंबू, झोपायची पिशवी यांवर तासन् तास बोलतात आणि कॉफीची पाळी आली की सॅशे फाडून मोकळी होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पहाटे पाचला, बोटं गारठलेली असताना, तंबूबाहेर बसून प्यायचा तो पेला चांगलाच असायला हवा.

*

आधी प्रमाण. लिटरभर पाण्याला 60 ग्रॅम कॉफी. दोघांसाठी 300 मिली पाणी धरलं तर 18 ग्रॅम. घरी काटा असतो, डोंगरात नसतो, म्हणून 18-18 ग्रॅमच्या पुड्या करायच्या, प्रत्येकीतली हवा दाबून काढायची आणि सगळ्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायच्या. चमच्याच्या मापावर माझा विश्वास नाही. गडद भाजलेलं बी फुगून हलकं झालेलं असतं, फिकं भाजलेलं जड. एकाच चमच्यात दोघांचं वजन वेगवेगळं भरतं. पाण्याचं माप सोपं आहे. आपल्या पेल्यात किती मिली मावतं ते एकदा घरी मोजून ठेवलं की झालं.

*

दळण जाड्या रव्याइतकं. त्याहून बारीक असेल तर पूड पातेल्यात खाली बसत नाही, घोटाघोटाला जिभेवर येते आणि कडवटपणा लवकर उतरतो. कागदातून किंवा फडक्यातून गाळणार असाल तर बारीक रवा चालतो. दुकानात दळून घेताना नुसतं ‘फिल्टरसाठी’ म्हटलं तर आपल्याकडे बहुधा दाक्षिणात्य स्टीलच्या फिल्टरचं बारीक दळण हाती येतं. ‘फ्रेंच प्रेससाठी द्या’ असं सांगावं. पातेल्याला तेच दळण लागतं.

*

पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर ते पाकीट मी घेत नाही. ‘अमुक महिन्यांत वापरा’ या शिक्क्यावरून काही कळत नाही. भाजल्यानंतर आठवडाभरापासून महिनाभरापर्यंतचं बी उत्तम.

*

हातानं फिरवायची चक्की बरोबर न्यावी का? एका रात्रीच्या मुक्कामाला गरज नाही. शुक्रवारी रात्री दळलेली पूड, डबा नीट बंद असेल तर, रविवारी सकाळपर्यंत साथ देते. हिमालयातल्या आठवड्याभराच्या वाटेवर मात्र चक्की जरूर न्यावी. दळलं की बियाचा हवेला लागणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, वास उडतो, तेलाचा अंश शिळा होतो. पाचव्या दिवशीची पूड आणि त्याच क्षणी दळलेलं बी शेजारी ठेवा, कॉफी न पिणारा माणूसही वासावरून ओळखेल. शिवाय चक्की फिरवली की गारठलेल्या हातांना ऊब येते आणि हे काम तंबूच्या आत बसून करता येतं. चूल किंवा स्टोव्ह मात्र तंबूत कधीही पेटवायचा नाही. कापड क्षणात पेट घेतं, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो.

*

आता पातेलं. याला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे, कारण चांगल्या कॉफीसाठी याहून जास्त काही लागत नाही अशी माझी खात्री आहे.

पाणी आधणाला ठेवायचं. आधी तळाला बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. मग ते सुटून वर येऊ लागतात, कडेकडेनं माळ धरते, आणि मग सगळं पाणी एकदम खळखळतं. खळखळलं की पातेलं उतरवायचं. आच बारीक करून भागत नाही, पातेलं खाली जमिनीवरच यायला हवं. मग पुडी सोडायची, भुरभुरत, पाणी सगळीकडून झाकलं जाईल अशी. पूड वर तरंगते. बी ताजं असेल तर ती बघता बघता फुगते, तिला भेगा पडतात आणि भेगांमधून फिकट फेस वर येतो. भाजताना बियात अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. बी जुनं असेल तर यातलं काहीच होत नाही, आणि आपण काय विकत घेतलं ते तिथेच कळतं. अर्ध्या मिनिटानं एकदाच ढवळायचं, कुठे कोरडी गुठळी राहिली नाही ना ते बघायचं, आणि झाकण ठेवायचं. वारा असेल तर पातेल्याभोवती लोकरीचा मफलर गुंडाळायचा. चार मिनिटं थांबायचं.

झाकण काढलं की वर जाड तपकिरी थर धरलेला असतो. चमच्याच्या पाठीनं तो हलकेच मागे लोटायचा, दोन-तीनदा. या वेळी चेहरा पातेल्याजवळ न्यावा. थराखाली कोंडलेला वास एकदम वर येतो, आणि त्या बियाबद्दल जे काही कळायचं असतं त्यातलं बरंचसं इथेच कळतं: कुणात भाजलेल्या शेंगदाण्यांचा, कुणात गुळाचा, कुणात संत्र्याच्या सालीचा भास असतो. थर मोडला की बहुतेक पूड आपसूक खाली जाते. उरलेला फेस चमच्यानं काढून टाकायचा. मग गार पाण्याचा एक हबका मारायचा, म्हणजे वर घोटाळणारे कणही तळाशी बसतात. आणखी दोन मिनिटं. मग पातेलं न हिंदकळवता, एकाच बाजूनं, सावकाश पेल्यात ओतायचं.

*

‘उतरवायचं’ यावर एवढा जोर का? आपला हात चहावर बसलेला आहे. चहा पूड घालून उकळायचा, आलं ठेचून टाकायचं, दूध ओतून पुन्हा दोन उकळ्या काढायच्या. त्यानं चहा सुधारतो. तीच सवय कॉफीवर आली की कॉफी संपली. गरम पाणी कॉफीतून आधी आंबट अंश ओढून घेतं, त्यामागून गोडवा येतो, आणि सगळ्यात शेवटी कडू आणि तुरट. आचेवर खदखदत राहिलेल्या पातेल्यात हा शेवटचा भाग पुरता उतरतो, आणि वास वाफेबरोबर निघून जातो. कॉफी कडूच असते असं सांगणाऱ्या बऱ्याच लोकांनी अशी उकळलेली कॉफीच प्यायलेली असते.

*

ही पातेल्याची रीत अडाणी आहे, नाइलाजाची आहे, असं समजायचं काही कारण नाही. कॉफीचा व्यापार करणारे, बियांची प्रत ठरवणारे, पारखी लोक चव घेतात ती याच रीतीनं. वाटीत जाडसर दळलेली कॉफी, वरून गरम पाणी, चार मिनिटं थांबणं, चमच्यानं थर मोडणं, फेस काढणं आणि वरची कॉफी चाखणं. गाळणी नाही, यंत्र नाही. 150 मिली पाण्याला सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास कॉफी, म्हणजे आपल्या 60 ग्रॅमच्या हिशोबाहून थोडीशीच कमी. करोडोंचे सौदे ज्या कपावरून ठरतात तोच कप हरिश्चंद्रगडावर करता येतो.

*

उत्तर युरोपात ही रीत चांगली रुळलेली आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये किटलीत करायच्या कॉफीसाठी वेगळं जाडं दळण दुकानात मिळतं, आणि जंगलात, मासेमारीला, बर्फात जाताना लोक तेच नेतात. अगदी उत्तरेकडे रेनडिअर पाळणारे सामी लोक कॉफीत चीजचे तुकडे टाकतात. कॉफी पीत जायची आणि तळाशी मऊ झालेलं चीज चमच्यानं खायचं. थंडीत दिवसभर बाहेर राबणाऱ्याला त्यातून पोटाला आधारही मिळतो. आपल्याकडे हे कुणी करून पाहिलेलं मला माहीत नाही, पण पनीर असं टिकेल असं वाटतं.

*

उंचीचा हिशोब. दर 300 मीटर चढलं की पाणी उकळायचं तापमान साधारण एक अंशानं उतरतं. कॉफीला पाणी हवं 90 ते 96 अंशांचं. आता सह्याद्रीकडे बघा. कळसूबाई 1646 मीटर, तिथे पाणी साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. हरिश्चंद्रगडावर 95 ला. म्हणजे आपल्या गडांवर आधण आलं की ते पाणी कॉफीला अगदी बेताचं गरम असतं, निववत बसायला नको. दापोलीच्या किनाऱ्यावर तंबू टाकलात तर उतरवून अर्धं मिनिट थांबा, एवढाच फरक.

लेहला चित्र बदलतं. 3500 मीटरवर पाणी 88 अंशांनाच उकळतं, आणि कितीही वेळ खळखळू दिलं तरी त्याहून गरम होत नाही. एव्हरेस्टच्या पायथ्याकडे जाताना शेवटचा मुक्काम गोरक्षेपला, 5164 मीटरवर. तिथे जेमतेम 83. एवढ्या पाण्यात जाडं दळण चार मिनिटं ठेवलं तर कॉफी आंबट आणि पाणचट होते. तिथे चक्की थोडी बारीक करायची, वेळ सहा-सात मिनिटांवर न्यायची, बी मध्यम किंवा गडद भाजलेलं घ्यायचं, कारण ते लवकर उतरतं. पेला आधी गरम पाण्यानं विसळून घ्यायचा आणि पातेल्याला लपेटून ठेवायचं. लेहला जाऊन ‘इथली कॉफी अशीच लागते’ म्हणणाऱ्यांनी एवढं करून बघावं.

*

पाणी. गडावर पाणी म्हणजे खडकात खोदलेली टाकी. राजगडावर पद्मावती माचीवर मुक्काम करणाऱ्यांना, हरिश्चंद्रगडावर देवळाजवळ राहणाऱ्यांना शतकांपूर्वी छिन्नीनं कोरलेल्या त्या टाक्यांचाच आधार असतो. कोणत्या टाक्याचं पाणी पिण्याजोगं आहे हे पायथ्याच्या गावात विचारून घ्यावं. पाणी पंच्याच्या दुहेरी घडीतून गाळायचं, मिनिटभर चांगलं खळखळू द्यायचं, मग कॉफीसाठी उतरवायचं. 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळू द्यावं. जे पाणी उकळणारच आहोत त्यात क्लोरीनची गोळी टाकू नये, तिची चव कॉफीत उतरते. घरून आरओचं पाणी वाहून न्यायचीही गरज नाही. ते फार कोरं असतं. पाण्यात थोडं कॅल्शियम, मॅग्नेशियम असलं की कॉफीचा रस नीट उतरतो.

आणि टाक्याच्या काठावर भांडी घासायची नाहीत. साबण तर नाहीच. पाणी पातेल्यात घेऊन लांब जायचं. मागून येणारा माणूस तेच पाणी पिणार आहे.

*

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचा वारा ज्यानं अनुभवला त्याला सांगायला नको. उघड्यावर ठेवलेल्या बर्नरची निम्मी आच वाऱ्याबरोबर जाते आणि अर्ध्या लिटरचं आधण येता येत नाही. दगडांचा आडोसा करावा, नाहीतर सॅक आडव्या लावाव्यात, पुरेशा अंतरावर. झाकण ठेवायचंच. मात्र गॅसचा डबा बर्नरच्या थेट खाली असेल तर पत्र्याच्या आडोशानं त्याला चारही बाजूंनी कधी वेढू नये; डबा तापतो आणि फुटू शकतो. एक बाजू उघडी हवी, आणि डब्याला अधूनमधून हात लावून बघायचं.

*

थंडीत गॅस रडतो त्याचं कारण साधं आहे. साधा ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचं थांबतो. सह्याद्रीत पारा तिथवर सहसा जात नाही, पण जळताना डबा स्वतःच गार पडत जातो, म्हणून पहाटे आच मंदावते. रात्री डबा झोपायच्या पिशवीत पायाशी घेऊन झोपलं की पहाटे तो नीट चालतो. हिमालयात आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असलेला डबा हवा. आयसोब्युटेन उणे 12 पर्यंत आणि प्रोपेन उणे 42 पर्यंत वाफ देतो. विमानात गॅसचा डबा नेता येत नाही, तो तिथे पोचल्यावरच घ्यायचा.

*

तीन दगडांची चूल मांडून लाकडावर केलेल्या कॉफीचा मोह मला कळतो. पण जानेवारीनंतर आपल्या माळांवरचं गवत वाळून कडकडीत झालेलं असतं. एक ठिणगी उडाली की रातोरात अख्खी सोंड काळी होते, पक्ष्यांची घरटी, सरडे, कोवळी रोपं सगळं जातं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे तर अभयारण्यच आहे. कॉफीसाठी जंगलात आग लावायची नाही, यावर मी कुणाशीही वाद घालत नाही. पायथ्याच्या घरी मुक्काम असेल तर गोष्ट वेगळी. तिथल्या मावशी भाकरी झाल्यावर चुलीतले निखारे पुढे ओढून देतात, आणि त्या निखाऱ्यांवर पातेल्याला जी एकसारखी आच लागते ती कुठल्याही बर्नरला जमत नाही. झाकण घट्ट ठेवा, म्हणजे धुराचा वास पाण्याला लागणार नाही.

अशाच एका घरी मावशींनी पातेल्यात डोकावून विचारलं होतं, “ताई, हिला उकळी नाय का देत?” उतरवलेली कॉफी त्यांच्या पेल्यात ओतली. त्यांनी दोन घोट कोरी घेतली, मग गुळाचा खडा तोंडात धरून उरलेली संपवली. तेव्हापासून मी पुड्यांच्या डब्यात थोडा गूळ ठेवते. कोरी कॉफी आणि तोंडात गुळाचा खडा. पेल्यात ढवळलेल्या साखरेपेक्षा हे मला फार आवडतं.

*

गाळायचंच असेल तर मलमलचं फडकं. ते धुऊन, साबणाचा लवलेश न ठेवता, उकळत्या पाण्यातून काढलेलं असावं. फडक्यातून कॉफीचं तेल बऱ्यापैकी खाली येतं, कागदात ते अडकतं. म्हणून फडक्याची कॉफी दाट लागते, कागदाची स्वच्छ आणि हलकी. कागदाची गाळणीही जुगाडातूनच आली. 1908 मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्स या गृहिणीनं पितळी भांड्याला भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात बसवला. तंबूच्या दारात बसून तिची आठवण काढावी अशीच ती बाई होती.

*

उपकरणांबद्दल थोडक्यात. इटलीत 1933 मध्ये आलेलं मोका पॉट देखणं आणि मजबूत आहे, पण लहान आकाराचं घेतलं तर ते गॅस बर्नरच्या पात्यांवर नीट बसत नाही, जाळी न्यावी लागते. त्यात पाणी गरमच भरावं, पूड दाबू नये, आणि गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवावं. अमेरिकेत अ‍ॅलन अ‍ॅडलर यांनी 2005 मध्ये काढलेलं एरोप्रेस प्लास्टिकचं आहे, फुटत नाही, एका माणसाला सोयीचं. चोथा दाबून गोळा होऊन बाहेर पडतो, भांडं दोन घोट पाण्यात स्वच्छ होतं. एकट्यानं जाणाऱ्याला मी ते सुचवीन. काचेचं फ्रेंच प्रेस सॅकमध्ये घालू नये. आणि दुहेरी भिंतीचा मग आचेवर कधी ठेवू नये. आत कोंडलेली हवा तापून तो फुटतो.

*

स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर. वरच्या भांड्यात पूड, तिच्यावर चकती, वरून उकळतं पाणी, आणि मग अर्धा तास विसरून जायचं. मुक्कामावर याचा मोठा फायदा म्हणजे पाणी ओतल्यावर आच लागतच नाही. रात्री जेवण झाल्यावर भरून ठेवला की पहाटे डिकॉक्शन तयार. फक्त दूध तापवायचं. चिकोरी घातलेली पूड असेल तर डिकॉक्शन दाट आणि काळं उतरतं. आपल्याकडच्या नियमानं अशा मिश्रणात निम्म्याहून जास्त, निदान 51 टक्के, कॉफी असावी लागते, आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं. ते वाचावं. 80-20 दुधाला बरी. काळी पिणार असाल तर चिकोरी नकोच.

*

सॅशेवाल्यांवर सुरुवातीला जरा कडक बोलले, पण इन्स्टंट कॉफीला तिची जागा आहे. ब्राझीलमध्ये कॉफीचं पीक अतोनात साठलं होतं, ते टिकवायचा मार्ग म्हणून नेस्लेच्या रसायनशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं खपून ती केली आणि 1938 मध्ये बाजारात आणली. महायुद्धात ती सैनिकांच्या शिध्यात गेली. म्हणजे उघड्यावर, थंडीत, घाईत प्यायची कॉफी हे तिचं जुनंच काम.

आणि आपल्या मराठी घरांतली जायफळाची कॉफी इन्स्टंटचीच चांगली लागते. गाढं दूध, साखर, कॉफी, आणि उतरवल्यावर किसलेलं जायफळ. मुक्कामावर यासाठी दूध पावडर पुरते. पाण्याला उकळी आली की थोडं पाणी वेगळं काढून त्यात पावडर घोटून घ्यायची, गुठळी राहू द्यायची नाही, मग ती पातेल्यात सोडायची. जायफळ अख्खं न्यावं, पूड करून नेऊ नये. त्याचा वासही दळल्यावर उडतो. चाकूच्या धारेनं पेल्यावर खरवडलं तरी चालतं. रात्री गप्पा रंगल्यावर, सगळे पांघरुणात गुरफटून बसलेले असताना, हीच कॉफी.

ज्यांना उद्योग हवा त्यांनी पाणी तापेपर्यंत कपात कॉफी, साखर आणि चमचाभर पाणी घेऊन फेटत बसावं. रंग काळ्यावरून पिवळसर होईपर्यंत. साखरेनं फेस टिकतो, म्हणून साखर कमी करून हे जमत नाही.

*

आपण ज्या सह्याद्रीत तंबू टाकतो तोच दक्षिणेला जाऊन कॉफीचा डोंगर होतो. चिकमगळूरजवळ बाबा बुडनगिरी आहे. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया आणून तिथे लावल्या अशी परंपरेनं चालत आलेली गोष्ट आहे. शेजारीच मुल्लयनगिरी, 1930 मीटर, कर्नाटकातलं सर्वांत उंच शिखर. तिथे चढताना खालच्या उतारांवर सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफीची झाडं दिसतात, आणि ओकच्या खोडांवर मिरीचे वेल. मार्च-एप्रिलच्या वळवानंतर सगळ्या झाडांना एकदम पांढरी फुलं येतात आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो. अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत, म्हणजे आपल्या गडांवरच्या मुक्कामांचाच हंगाम. कूर्ग, चिकमगळूर आणि बाबा बुडनगिरीच्या अरेबिकाला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सह्याद्रीत पिकलेलं बी सह्याद्रीतच, टाक्याच्या पाण्यात करून प्यायचं, हे मला इथिओपियाच्या महागड्या पाकिटापेक्षा जवळचं वाटतं.

महाराष्ट्रात कॉफी होते ती मेळघाटात, चिखलदऱ्याला. मळे थोडे आहेत. तिकडे मुक्कामाला गेलात तर तिथल्या बागेची कॉफी मागून घ्या आणि आधी कोरी पिऊन बघा.

*

पावसाळ्यात पूड आणि इन्स्टंट दोन्ही हवेतला ओलावा ओढतात. डबा दोन मिनिटं उघडा राहिला की इन्स्टंटचा खडा होतो. पुड्या वेगवेगळ्या ठेवायचा खरा फायदा तेव्हा कळतो. उघडली तेवढीच ओली होते. पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत मात्र हाच ओलावा मुद्दाम बियांना देतात. मान्सूनच्या वाऱ्यात काही आठवडे बी पसरून ठेवलं की ते फुगतं, पिवळसर पडतं, त्यातला आंबटपणा जातो. ही ‘मान्सून्ड मलबार’. दुधातल्या कॉफीला छान, आणि ज्यांना कॉफीचा आंबटपणा सोसत नाही त्यांच्यासाठी न्यावी अशी.

*

दूध. पायथ्याच्या गावात सकाळचं धारोष्ण दूध मिळालं तर त्यासारखं काही नाही, पण ते तापवूनच घ्यायचं. चढायचं असेल तर टेट्रा पॅक; न उघडता तो बाहेर टिकतो, उघडला की संपवायचा. दूध वेगळ्या पातेल्यात तापवावं. कॉफीत दूध ओतून पुन्हा उकळी काढली की आधीची चार मिनिटं फुकट गेली.

*

रात्रीच्या कॉफीचा विचार करूनच पेला भरावा. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला चार-पाच तास लागतात, आणि रोबस्टामध्ये ते अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे चढ असेल तर रात्रीची पुडी अरेबिकाची आणि निम्मी. लघवीसाठी मध्यरात्री गारठ्यात तंबूबाहेर पडावं लागतं ते वेगळंच.

*

चोथा. टाक्यात नाही, दगडाआड नाही, झुडपाच्या मुळाशीही नाही. फडक्यात पिळून, ज्या पिशवीतून पुडी निघाली तिच्यातच भरून परत आणायचा. ‘ते तर खतच आहे’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. शनिवार-रविवारी शे-दोनशे माणसं जिथे राहतात तिथे प्रत्येकानं खत टाकलं तर देवळाच्या मागची जागा कशी दिसेल याचा विचार करावा. घरी आणून कुंडीत घातला की खरंच उपयोगी पडतो.

*

मोठा गट असेल तर. पंधरा माणसांना पेलाभर, म्हणजे 200 मिली, द्यायची तर तीन लिटर पाणी, 180 ग्रॅम कॉफी, आणि पाच लिटरचं पातेलं, कारण पूड फुगून वर येते. एवढं पाणी लवकर निवत नाही, म्हणून चारऐवजी साडेतीन मिनिटांतच थर मोडावा. हबक्याला वाटीभर पाणी लागतं. पातेलं उचलून ओतू नये, तळ ढवळला जातो. ओगराळ्यानं वरवरची काढून वाढत जावं. पूड पाणी पिऊन बसते, सगळं परत देत नाही, तेव्हा सुरुवातीलाच अर्धा लिटर पाणी आणि 30 ग्रॅम पूड जास्त धरावी. दुधाची ज्यांना हवी त्यांचे पेले आधी वेगळे मांडून घ्यावेत, आणि तळाचं बोटभर कुणालाही वाढू नये.